पुलापलीकडचे मार्क

डेट्रॉइटहून कॅनडाला जायचं तर दक्षिणेकडे जावं लागतं. नकाशा दाखवल्याशिवाय हे कोणाला पटत नाही. अँबॅसडर ब्रिज ओलांडला की विंडसर. आम्ही अलीकडच्या काठावर. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसलेली, कारण तेव्हा एच-फोरवाल्यांना नोकरीची परवानगीच नव्हती. शनिवारी कोणाकडे जेवायला जमलं की विषय एकच: ग्रीन कार्डाची वाट बघायची, की कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन टाकायचा?

एके काळी दोन्ही दारं बंदच होती. मायदेशाहून न थांबता, थेट आलेल्यालाच प्रवेश, असा नियम कॅनडाने 1908 मध्ये केला. भारतातून तशी बोट मिळत नव्हती, हीच त्यातली मेख. 1914 मध्ये 376 प्रवासी घेऊन आलेली 'कोमागाटा मारू' व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने ताटकळली आणि बहुतेकांना उतरू न देताच परत पाठवलं. अमेरिकेने 1917 च्या कायद्याने मज्जाव केला. 1946 मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. कॅनडाने 1951 मध्ये दीडशे कबूल केले. आमच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं जमतात.

पुढे दोघांनीही वंशाची अट काढली, पण रीत वेगळी. 1965 च्या अमेरिकी कायद्याने देशागणिक मर्यादा घातली. 1990 च्या कायद्याने नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 ठरवली आणि एका देशाला जास्तीत जास्त सात टक्के. म्हणजे आइसलँडला जेवढं ताट, तेवढंच भारताला. याला समता म्हणतात! शिवाय देश धरायचा तो पासपोर्टचा नाही, जन्माचा. आमच्या ओळखीतल्या एकाची बायको नैरोबीत जन्मलेली. वडील तिथे नोकरीला होते. जोडीदाराचं जन्मस्थान धरता येतं, म्हणून आमच्या मागून आलेला तो आमच्या आधी सुटला. तेव्हापासून पत्रिकेत गुणांआधी जन्मस्थळ बघा, असं आम्ही लग्नाळू मुलांना सांगायचो.

कॅनडाने 1967 मध्ये मार्कांची पद्धत आणली. शिक्षण, वय, भाषा, अनुभव. जन्म कुठे झाला याला मार्क नाहीत. आमच्या वेळी 67 ला पास होता. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करताना मला कळलं, की त्यात जोडीदाराच्या शिक्षणालाही मार्क आहेत. माझ्या एम.एस्सी.चे पाच! नदीच्या या बाजूला मी नुसती 'डिपेंडंट'. माझा कौल तिथेच ठरला. नवऱ्याचा मात्र ठरत नव्हता.

त्याला 2007 च्या जुलैने लोंबकळत ठेवलं. त्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांना ग्रीन कार्डाचा शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरता येईल असं जाहीर झालं. लोक धावत वैद्यकीय तपासण्या करून आले, आणि 2 जुलैला घोषणा मागे. तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई' सिनेमातल्या गांधीगिरीची हवा होती. आपल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवली. त्यांनी ती वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे धाडली. 17 जुलैला अर्ज पुन्हा सुरू झाले. आम्हीही भरला. रांग मात्र तीच.

दरम्यान तिकडेही केलेल्या अर्जावर कॅनडाचं होकाराचं पत्र आलं. 'लँडिंग'ला, म्हणजे पीआर घ्यायला पहिल्यांदा जाताना मागून येणाऱ्या सामानाची यादी द्यावी लागते, किमतीसकट. नाहीतर पुढे त्यावर कर बसू शकतो. मी प्रेशर कुकर, पुरणयंत्र, आईची पैठणी, पाटल्या असं सगळं लिहिलं. पुलावरच्या अधिकाऱ्याला पुरणयंत्र समजेना. हँडल फिरवल्याचा अभिनय करून दाखवला, तेव्हा त्याने शिक्का मारला.

पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात काढावे लागतात. आम्ही विंडसरमध्येच घर घेतलं. मला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि नवरा रोज पूल ओलांडून डेट्रॉइटला जायला लागला. तिथल्या इस्पितळांत जाणाऱ्या विंडसरच्या नर्सही त्याच गर्दीत असायच्या. पुढे नागरिकत्व मिळालं, आणि 1994 च्या नाफ्टा कराराने कॅनडाच्या नागरिकांसाठी ठेवलेल्या टीएन परवान्यावर तो तीच नोकरी करू लागला. आता पासपोर्ट कॅनडाचा, ऑफिस अमेरिकेत, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही अजून जन्माने सांगलीचेच.