वाचनाचा नेम

बेलापूर म्हटलं की हल्ली लोक थेट नव्या मुंबईत जाऊन पोचतात. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, नगर जिल्ह्यातलं. ते सापडायला पूर्वीपासूनच जरा अवघड. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. तिच्यावर बेलापूर नावाचं स्टेशनही झालं, पण गावापासून चांगलं लांब! स्टेशनाभोवती जे शहर वाढलं त्याचं नाव श्रीरामपूर. नाव आमचं, भरभराट त्यांची.

परवा पुण्याचा एक मित्र म्हणाला, "यंदा पन्नास पुस्तकं वाचायचा संकल्प केलाय." मी म्हटलं, वा! पण आमच्याकडे ह्याला संकल्प म्हणत नाहीत, नेम म्हणतात, आणि तो पुस्तकं मोजून होत नाही, महिने मोजून होतो. पाडव्याला पंचांगवाचन. चातुर्मासात भक्तिविजय. श्रावणात वारावारच्या कहाण्या आणि शिवलीलामृत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला धरून गुरुचरित्राचा सप्ताह. मध्ये दिवाळी आली की दिवाळी अंक. ही त्यातली अगदी नवी पोथी, १९०९ साली 'मनोरंजन'कर मित्रांनी काढलेली.

गेलं वर्ष मी ह्याच क्रमानं वाचून काढलं. त्यात मन रमलं ते महिपतींत. रमणारच, माणूस आमच्या शेजारचा! राहुरी तालुक्यातलं ताहराबाद त्यांचं गाव, आणि पेशा कुळकर्ण्याचा. म्हणजे शेतसाऱ्याची बाकी लिहिता लिहिता ह्या गृहस्थांनी संतांची खाती उघडली. नाभाजी आणि उद्धवचिद्घन ह्यांच्या ग्रंथांचा आधार घेतल्याचं ते चोख सांगतात. दप्तर सांभाळणारा माणूस. पावतीशिवाय काही घेणार नाही.

भक्तिविजय पुरा झाला १७६२ साली. सन पुन्हा एकदा वाचा. आदल्याच वर्षी, १७६१ च्या जानेवारीत, पानिपत झालं होतं. कितीक घरांतले कर्ते पुरुष परत आले नव्हते, ते मेल्याची खात्रीही कुणी देत नव्हतं. अशा वेळी ताहराबादेत एक माणूस कुंभार, शिंपी, माळी, चांभार ह्यांच्या गोष्टी ओवीत बसवत होता. त्या दोन्हींचा संबंध मी जोडत नाही, इतिहासकार रागावतील. पण त्या पोथीपुढे पहिल्यांदा जे बसले असतील, त्यांच्यात वाट पाहणारं कुणीच नसेल, हे मला पटत नाही.

आणि बसले असतील म्हणजे ऐकायला. पोथी डोळ्यांनी वाचायची वस्तूच नव्हे. महिपती दर चार पावलांवर श्रोत्यांना हाक मारतात. एकानं वाचायचं, पंधरा-वीस जणांनी ऐकायचं. त्यात बायका जास्त, आणि अक्षरओळख बहुतेकींना नाही. 'निरक्षर' म्हणून आपण ज्यांची गणती करून मोकळे होतो, त्यांनी वर्षाकाठी ऐकलेल्या ओव्या मोजल्या तर माझ्या मित्राची पन्नास पुस्तकं पाणी भरतील.

मी संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचू लागलो तेव्हा शेजारच्या आजी येऊन बसल्या. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांनी दिसत नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गोरोबांची कथा चालली होती. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोर पायाखाली आलं, तिथं मी पोथी मिटून चहाला उठलो.

"अरे, पोराला चिखलात ठेवून चहा कसला पितोस?" आजी कडाडल्या. "आधी त्याला वर काढ!"

त्यांना सबंध कथा पाठ होती. पोर जिवंत होतं हे त्यांना माझ्याआधी सत्तर वर्षांपासून ठाऊक होतं. तरी दर वर्षी ते वर निघेपर्यंत त्या श्वास धरून बसत असणार. पोथ्यांना नुसती भाविकता म्हणून नाक मुरडणाऱ्या विद्वानांनी एकदा ह्या ओसरीवर यावं. कुठं थांबलं की ऐकणारा तळमळतो, हे महिपतींना नेमकं कळत होतं.

मी पोर वर काढलं. चहा गार झाला. पुढं दत्तजयंतीच्या सप्ताहात मला खोकला झाला, तेव्हा आजींची नात शाळेतून येऊन वाचू लागली. ती 'ळ'चा 'ल' करी. आजी दर वेळी दुरुस्त करीत, आणि तिनं मुद्दाम केलेला 'ल'सुद्धा त्यांना बरोबर ओळखू येई. तेव्हापासून माझ्याकडे वाचनाचं काम उरलेलं नाही. मी खांबाला टेकून ऐकतो. परवा नातीनं विचारलं, "काका, उद्या येणार ना?" आजी म्हणाल्या, "येईल. त्याचा नेम आहे."