प्रतिपक्षाची जागा

मराठेशाहीतील न्यायनिवाड्यांची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. तंटा वतनाचा असो की शिवेचा, गोतसभेपुढे अगर सरकारातून नेमलेल्या पंचांपुढे वादी आणि प्रतिवादी या दोघांच्याही तकरिरी लिहून घेतल्या जात, निर्णय मान्य असल्याबद्दल दोघांकडून राजीनामे आणि जामीनकतबे घेतले जात, आणि अखेरीस जे निवाडपत्र तयार होई त्यात जिंकणाऱ्याच्या म्हणण्याबरोबर हरणाऱ्याचे म्हणणेही उतरलेले असे. त्या न्यायपद्धतीत दोष थोडे नव्हते. जातीची उतरंड तिने निमूटपणे मान्य केलेली होती. तथापि दुसऱ्याची बाजू दप्तरी दाखल झाल्याखेरीज निवाडा पुरा होत नाही, हा दंडक तिने पाळला होता. छापखाना आल्यावर लोकमताचा निवाडा वृत्तपत्रांत होऊ लागला; त्या नव्या चावडीवर हा दंडक कितपत पाळला गेला, हे पाहणे आजच्या काळी अगत्याचे झाले आहे.

आमची वृत्तपत्रे प्रारंभी निःपक्षपाती होती आणि पुढे ती बिघडली, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' काढले ते लोकांस नव्या विद्येकडे वळविण्याच्या हेतूने. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त 1848 पासून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली, ती ब्राह्मणवर्गाच्या दोषांवर कठोर प्रहार करणारी होती. आणि पाव शतकानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्याच लोकहितवादींवर तितकेच कठोर प्रहार केले. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला तो सत्यशोधकांची बाजू इतर पत्रे मांडीत नव्हती म्हणूनच. बाजू घेणे हा आमच्या वृत्तपत्रांचा जन्मजात स्वभाव आहे, आणि तो लज्जास्पद मानण्याचे कारण नाही. ज्याला स्वतःचे मत नाही त्याने लेखणी उचलावी कशाला? विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: बाजू घेणारा आपल्या प्रतिपक्षाशी वागतो कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास 'केसरी'च्या पहिल्या पंधरा वर्षांइतका उद्बोधक काळ दुसरा नाही. 4 जानेवारी 1881 रोजी पुण्यात हे पत्र निघाले. संस्थापकांत चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी होती आणि संपादनाचा भार आगरकरांवर होता. वर्ष उलटते न उलटते तोच पत्रावर खटला उभा राहिला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी सारा महाराष्ट्र क्षुब्ध झाला होता. कारभारी माधवराव बर्वे यांच्या कपटाचा पुरावा म्हणून काही पत्रे या मंडळींच्या हाती आली आणि त्यांच्या विश्वासावर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतून बर्व्यांवर आरोप झाले. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी क्षमा मागितली, तरीही 1882 च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांचा हेतू शुद्ध होता यात संशय नाही. पण आपल्या पक्षास अनुकूल असलेला कागद खरा मानण्याची घाई शुद्ध हेतूच्या माणसांनाही कशी फसविते, याचे हे मराठी पत्रसृष्टीतील एक प्रारंभीचे उदाहरण होय.

या प्रकरणातील एक गोष्ट मात्र सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावी अशी आहे. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांची अत्यंत कडवट शब्दांत निर्भर्त्सना केली होती. ज्या पत्राच्या संस्थापकांपैकी एकाने आपला असा उपमर्द केला त्या पत्राच्या संपादकांवर संकट आले तेव्हा फुले आनंदले नाहीत. त्यांच्या शब्दाखातर त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी 10,000 रुपयांचा जामीन भरला. मतांचा विरोध तसूभरही कमी झाला नव्हता. पण प्रतिपक्ष आणि शत्रू यांतील अंतर फुल्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे टिळक आणि आगरकर यांच्यातच फूट पडली. 1884 मध्ये मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून सरकारने हस्तक्षेप करावा असे सुचविले; लगोलग नांदावयास जाण्याचे नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला गाजू लागला, आणि आगरकर तिच्या बाजूचे तर टिळक तिच्या विरुद्ध, अशी स्थिती झाली. एकाच पत्रात दोन मतांचा संसार फार काळ चालणे शक्य नव्हते. 1887 मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढील वर्षी 'सुधारक' काढला. वरवर पाहता ही फूट महाराष्ट्राचे दुर्दैव वाटते. माझ्या मते ती त्याचे भाग्य होते. एका गावात दोन समर्थ पत्रे परस्परांसमोर उभी राहिली, आणि एकास दुसऱ्याचे खंडन करावयाचे तर आधी त्याचे म्हणणे वाचकांपुढे ठेवणे भाग पडू लागले.

1891 मध्ये संमतिवयाचे बिल आले, तेव्हा या वादाची उत्तम आणि अधम अशी दोन्ही रूपे पुण्याने पाहिली. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करावे, एवढीच त्या बिलाची मागणी होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचने एकत्र करून असा कायदा शास्त्रास बाधक नाही असे दाखविले; टिळकांनी शास्त्राधारानेच त्याचा प्रतिवाद केला आणि परक्या सरकारास या कामी अधिकार नाही असे प्रतिपादिले. प्रमाणास प्रमाणाने उत्तर मिळत होते. वाचकाने दोन्ही वाचावे आणि स्वतः ठरवावे. परंतु त्याच वर्षी बिलाच्या पुरस्कर्त्यांनी क्रीडाभुवनात सभा भरविली ती विरोधकांनी उधळून लावली. सनातन्यांनी आगरकरांची तर ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली. 1895 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पुण्यास भरले, तेव्हा त्याच मांडवात सामाजिक परिषद भरल्यास मांडव जाळू, अशा धमक्या येऊ लागल्या आणि न्यायमूर्ती रानड्यांना परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात न्यावी लागली. वचनांची लढाई मांडवापर्यंत आणि दगडापर्यंत आली ती मतभेद तीव्र होते म्हणून नव्हे. ऐकून घेण्याची शिस्त सुटली म्हणून आली. ती शिस्त वरच्या थरात मात्र पुरती लोपली नव्हती. 17 जून 1895 रोजी आगरकर निवर्तले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त जो मृत्युलेख लिहिला, त्यात त्या विद्वान प्रतिपक्ष्याची योग्यता त्यांनी मनःपूर्वक मान्य केली.

तथापि या साऱ्या वादात ज्यांना जागाच नव्हती, त्यांचे काय? 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. शाहू महाराजांनी त्यास 2,500 रुपयांचे साहाय्य केले होते. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांची परीक्षा केली आणि बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हे स्पष्टपणे दाखविले. एका जातीचे नुकसान झाले की त्याची झळ साऱ्या समाजास लागते, हेही त्यांनी बजावले. बाजू घेण्यापेक्षा घोर असा दोष येथे उघड होतो. टीका झाली असती तर तिला उत्तर देता आले असते. दाराशीच अडविलेल्या माणसाने उत्तर द्यावे कोठे? ज्या पत्राच्या संपादकांसाठी फुल्यांनी 1882 मध्ये जामीन मिळवून दिला, त्याच पत्रात अडतीस वर्षांनी एका बहिष्कृतांच्या पत्राची नुसती जाहिरातही छापली जाऊ नये, याची खंत प्रत्येक मराठी वाचकास वाटली पाहिजे.

आज वृत्तपत्रे अगणित झाली आहेत, वाहिन्यांवर अहोरात्र वाद चालतो, आणि हातातील फोन ज्याला जे आवडते तेच त्याच्यापुढे पुनःपुन्हा आणून ठेवतो. आवाज वाढला, परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आणि त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले जाण्याची जागा आक्रसत चालली आहे. यावरचा उपाय सर्व पत्रांनी मतहीन व्हावे हा नव्हे. ज्याच्यावर आरोप केला त्याचा खुलासा आरोपाइतक्याच ठळकपणे छापावा; आपल्या सोयीचा कागद हाती आला तर तो दुप्पट तपासावा; चूक झाली तर ती उघड कबूल करावी; आणि ज्यांची बाजू कधीच येत नाही त्यांना शोधून बोलते करावे. वाचकाचेही कर्तव्य तेवढेच आहे. ज्या पत्राशी आपले पटत नाही असे एक तरी पत्र त्याने नेमाने वाचावे, आणि त्यातील उत्तम युक्तिवादास उत्तर सापडेपर्यंत आपले मत पक्के झाले असे समजू नये. लोकशाहीत निवाडा अखेर लोकांनाच करावयाचा असतो, आणि एकतर्फी ऐकून केलेला निवाडा बहुमताचा झाला म्हणून न्यायाचा होत नाही.