वढवाणा तलाव आणि पट्टकादंब

बडोदे संस्थानातल्या पाण्याचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपली मंडळी आजव्यापाशी थांबतात. शहराला नळाचं पाणी १८९२ साली मिळालं ते आजव्यामुळे, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण डभोईजवळच्या वढवाणा तलावाकडे इतिहासवाले फारसे वळत नाहीत. वळतात ते पक्षी पाहणारे, हिवाळ्यात, दुर्बीण घेऊन. त्यांना तलाव कुणी आणि का बांधला याच्याशी कर्तव्य नसतं. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या वाचताच येत नाहीत.

आधी बांधण्याचं कारण. १८९१ च्या खानेसुमारीत संस्थानची वस्ती २४ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. मधे छप्पनिया होऊन गेला होता, म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ, आणि त्याच्या पाठोपाठ रोगराई. ती आठवण ताजी असताना सयाजीराव महाराजांच्या सरकारने ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावर वळवून कालव्याने वढवाण्यापर्यंत आणलं. १९१० च्या सुमारास तलाव उभा राहिला. ओरसंग म्हणजे पावसाळ्यात दुथडी आणि एरवी वाळूच वाळू. पाणी वाहतंय तेव्हाच धरून ठेवायचं, असा साधा हिशेब.

सपाट मुलखात पाणी साठवलं की ते पसरतं. विस्तार सुमारे ६३० हेक्टर, पण खोली बेताची. आम्हा इंजिनिअर लोकांच्या लेखी हा दोष, कारण बाष्पीभवनात पाणी फुकट जातं. पट्टकादंबाच्या लेखी हाच गुण. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा दोन-तीन किलोचा रानहंस. काही जण त्याला राजहंसही म्हणतात. बुडी मारून खाणारा हा पक्षी नव्हे, चरणारा आहे. पाणी त्याला विसाव्याला लागतं, जेवायला गवत आणि शेत. दिवसा तलावाच्या काठाशी बसायचं, अंधार पडला की गव्हाच्या कोवळ्या पातीवर जायचं. संस्थानने तलाव आणि रब्बीचा गहू दोन्ही एकाच योजनेत दिले, अर्थात त्याचा विचारही न करता!

हा पक्षी वीण घालतो लडाख, तिबेट, चिंघाय, मंगोलिया, किरगिझस्तान इथल्या उंचावरच्या सरोवरांकाठी, आणि हिवाळ्याला हिमालय ओलांडून खाली उतरतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतो म्हणतात, पण यंत्रं बांधून मोजलं तेव्हा सर्वाधिक उंची निघाली ७,२९० मीटर, आणि बहुतेक प्रवास साडेपाच हजारांच्या आतच. उंची एकदा गाठून ती टिकवण्यापेक्षा जमिनीच्या चढउताराबरोबर वर-खाली होत जाणं त्याला स्वस्त पडतं, हे २०१५ साली दाखवलं गेलं. विरळ हवेत पंखांचा वेग जरासा वाढवायचा तरी खर्च कितीतरी पटीने वाढतो. म्हणून तो बरेचदा रात्री किंवा पहाटे उडतो, तेव्हा हवा थंड आणि दाट असते. त्याच्या हिमोग्लोबिनच्या साखळीत मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, त्यामुळे रक्त प्राणवायू अधिक घट्ट पकडतं. आमच्या पंपांना अशी सोय असती तर बरं झालं असतं.

जाता जाता एक. मेघदूतातले राजहंस आषाढाच्या ढगाबरोबर कैलासाकडे निघतात. पट्टकादंब मार्च-एप्रिलातच निघून जातो; आषाढ लागेतो त्याची पिल्लं तिबेटात पाण्यात उतरलेली असतात. कालिदासाचा हंस हाच, असं म्हणणाऱ्यांनी आधी पंचांग पाहावं.

जगाच्या यादीत ही जात आज धोक्यात गणली जात नाही. पण तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही, कारण हे पक्षी थोड्या जागी दाटीने जमतात. २००५ साली चिंघाय सरोवरावर बर्ड फ्लूने सुमारे सहा हजार जंगली पक्षी मेले, त्यांत हे फार होते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलातल्या पोंग जलाशयावर पाच हजारांच्या आसपास गेले, बहुतेक हेच. पोंगही माणसानेच बांधलेला, १९७४ चा. तिकडे लडाखात मोकाट कुत्री घरट्यांपर्यंत पोचतात.

वढवाण्याला २०२१ मध्ये रामसर दर्जा मिळाला. फलक लागले, चांगलं झालं. पण पट्टकादंबाला फलकाने काही मिळत नाही. तलाव हिवाळाभर काठोकाठ ठेवला तर उथळ काठ आणि त्यावरचं गवत पाण्याखाली जाईल. फार लवकर रिकामा केला तर बसायला पाणी उरणार नाही. डिसेंबर ते मार्च पातळी हळूहळू उतरावी लागते, आणि ती उतरते मोरी उघडण्याच्या वेळापत्रकाने. म्हणजे पक्ष्याचा हिवाळा पाटबंधाऱ्याच्या पाणीपाळीत लिहिलेला आहे. आणि त्या पाळीवर पहिला हक्क शेतकऱ्याचा. त्याची गव्हाची पात रात्री कुणीतरी खाऊन जातं, तेव्हा त्याने पक्ष्याचं कौतुक करावं ही अपेक्षा शहरातूनच होऊ शकते. नुकसान मोजून भरपाई द्या, मग बोला.

संस्थानच्या बांधकाम खात्यात आपल्यातल्या पुष्कळ मराठी घरांनी नोकऱ्या केल्या. वढवाण्याच्या पाणीपातळीच्या वह्या, मोरी उघडल्याच्या नोंदी, पाळ्यांचे तक्ते कुणाच्या माळ्यावर असतील तर मंडळाकडे द्यावेत. हल्लीच्या पक्षिगणनेशेजारी त्या ठेवल्या तर पूर्वी कुठल्या महिन्यात किती काठ उघडा पडत होता ते काढता येईल, आणि आजच्या पाळ्या ठरवणाऱ्यांपुढे नुसत्या हौशीऐवजी आकडे ठेवता येतील.