दलाल पाहावा विकून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. घर पाहावं विकून, असं मात्र कुणी म्हटलं नाही. त्या काळी घर विकणं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं. ते काम दिवेलागणीनंतर हलक्या आवाजात उरकायचं. त्यामुळे चांगला दलाल कसा निवडावा, याबद्दल जुन्या माणसांचं मार्गदर्शन शून्य!

बी.कॉम.ला आम्हांला १८७२ चा करार कायदा होता. मालकाला न कळवता एजंटानं तो व्यवहार स्वतःसाठीच केला, तर त्यातला नफा मालकाला मागता येतो, असं त्यातलं २१६ वं कलम म्हणतं. दीडशे वर्षांपूर्वी असं कलम घालावं लागलं, म्हणजे त्याआधी किती एजंटांनी हात मारला असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. माझ्या मते सगळं प्रकरण एका प्रश्नात मावतं : हा गृहस्थ बोलतोय कुणाच्या बाजूनं?

हा प्रश्न शिकायला आमच्या मुळशी तालुक्यासारखी शाळा नाही. साधारण १९२० च्या सुमाराला टाटांच्या वीज कंपनीला मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाशी धरण हवं होतं. पाणी अडवायचं, सह्याद्रीवरून खाली कोकणात सोडायचं आणि तयार होईल ती वीज मुंबईला. जमीन मिळवून द्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा हजर होता. म्हणजे गिऱ्हाईक एकच, मोबदला ठरवणार सरकार, आणि 'विकायची नाही' म्हणायची सोय नाही. अशा बाजारात दलालाची गरजच काय?

गरज होती. कारण कागदावरचे मालक पुष्कळसे पुण्याचे सावकार आणि भातखाचरात वाकलेले मावळे त्यांची कुळं. सावकारांचा जीव मोबदल्यात, मावळ्यांचा जमिनीत. एकाला भाव चांगला हवा, दुसऱ्याला सौदाच नको. दोघांचा वकील एक कसा असणार?

मावळ्यांना माणूस मिळाला तो पारनेरचा, एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला आणि पॅरिसला बाँबची विद्या घेऊन आलेला. एजंट म्हणून असा अर्ज कुणी बँकेत आणला असता, तर साहेबांनी आधी दार लावून घेतलं असतं. पांडुरंग महादेव बापट. त्यांनी आणि विनायकराव भुस्कुटे यांनी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांना घेऊन सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, अटका झाल्या. बापटांना दलाली मिळाली ती तुरुंगाच्या रूपानं, आणि तीही हप्त्याहप्त्यानं. १९२४ मध्ये त्यांनी बांधकामाची रेल्वे अडवली, त्याबद्दल सात वर्षांची सजा झाली. 'सेनापती' ही पदवी याच लढ्यातली. सावकार मोबदला घेऊन मोकळे झाले, १९२७ पर्यंत धरण पुरं झालं. मुळशीचं पाणी आजही भिऱ्याच्या वीजघरात उतरतं.

पुढं नव्वदीच्या अखेरीला हिंजवडीत आय.टी. पार्क आलं, मग लवासा. एकरानं मोजायची जमीन गुंठ्यानं मोजू लागले. 'गुंठामंत्री' हा शब्द आमच्याकडचा. पैसा संपल्यावर त्या मंत्र्याचं काय होतं, हे २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमानं दाखवलं. दलाल तर चहाच्या टपरीगणिक झाले. २०१७ पासून महारेरा आहे, एजंटाला नोंदणी आहे, आता परीक्षाही आहे. पण हे सगळं नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरतं. पौडचं जुनं कौलारू घर विकायला निघालेल्या दलालाला कायदा काही विचारत नाही. तिथं आमच्या आत्यालाच विचारावं लागलं.

आत्याचे गुडघे गेले, दोन्ही मुली मुंबईला. घर काढायचं ठरलं. पहिला दलाल आला, त्यानं आम्ही मनात धरलेल्या किमतीच्या दीडपट आकडा सांगितला. असा आकडा घर ताब्यात घेण्यापुरता असतो, नंतर दर महिन्याला उतरतो. दुसरा म्हणाला, "आजी, तुम्हांला किती हवेत ते बोला, वरचे माझे." याला कलम २१६ दाखवावं असं फार वाटलं. तिसरा पोरगेलासा होता. त्यानं किंमत सांगितलीच नाही. ग्रामपंचायतीचा उतारा मागितला, घरपट्टीची पावती मागितली, आणि विचारलं, "आजोबांच्या मागं वारसांची नावं लागलीत का? नसतील तर आधी ती लावू. घाई केली तर भाव पडेल."

आत्यानं चष्मा पुसला. "दलाली कोण देणार तुला?"

"तुम्ही, आजी. दोन टक्के."

"आणि घेणारा?"

"तोपण देतो. सगळीकडं तसंच चालतं."

"मग तू कुणाचा?"

पोरगा गप्प. चहा गार होत होता. शेवटी म्हणाला, "तुमचा. त्याच्याकडून घेत नाही."

"कागदावर लिही. माझा सासरा धरणात बुडालेल्या गावातला. कूळ होता, त्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. जमिनीचे पैसे मालकानं पुण्यात बसून मोजले." माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हा बँकेतला आहे, हा लिहील."

मी लिहिलं. दलाली एकाच बाजूची, दोन टक्के, खरेदीखत झाल्यावर. पोरानं सही केली, तेव्हा आत्यानं उठून त्याचा चहा पुन्हा गरम करून आणला.