वक्षपुनर्रचना, लिंगभावानुरूप

वक्षपुनर्रचना, लिंगभावानुरूप : व्यक्तीला अंतर्यामी जाणवणारा लिंगभाव (आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत किंवा या दोहोंहून वेगळे आहोत, ही दृढ व टिकाऊ जाणीव) आणि तिच्या वक्षाचे बाह्य स्वरूप यांत विसंगती असल्यास ती दूर करण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया करण्यात येतात, त्यांना ही संज्ञा लावतात. त्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला पुरुष जाणणाऱ्या व्यक्तीच्या (पारलिंगी पुरुषाच्या) स्तनग्रंथी काढून छाती सपाट व पुरुषी घडणीची करणे, हा पहिला प्रकार होय. पारलिंगी स्त्रीच्या वक्षाला रोपणाच्या वा वसेच्या (चरबीच्या) साहाय्याने स्तनांचा आकार देणे, हा दुसरा प्रकार होय. या शस्त्रक्रियांचे तंत्र बव्हंशी अन्य कारणांसाठी व अन्य रुग्णांवर विकसित झाले. म्हणून त्यांच्या इतिहासात तंत्राच्या प्रगतीइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शस्त्रक्रिया मागण्याचा अधिकार कोणाचा आणि तिचे कारण ग्राह्य की अग्राह्य, हे ठरविणार कोण, हा तो प्रश्न होय.

प्राचीन पार्श्वभूमी : पुरुषांमध्ये स्तनांची वाढ होणे (पुंस्तनवृद्धी) ही विकृती प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य ईजायनाचा पॉल याने तिच्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले आहे. स्तनाच्या खालच्या बाजूस चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घेऊन आतील ग्रंथी काढावी व कडा शिवून टाकाव्यात, तसेच स्तन फार लोंबत असल्यास दोन छेद घेऊन मधली जादा त्वचाही काढावी, असे तो सांगतो. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंदलुसियातील अरबी शल्यचिकित्सक अल् जहरावी यानेही ही पद्धती नोंदविली आहे. एकेरी वा दुहेरी छेद आणि जादा त्वचेचे उच्छेदन ही आजच्या शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे या वर्णनांत स्पष्ट दिसतात. पुरुषाला स्त्रीसदृश वक्षाची लाज वाटते, एवढे कारण त्या काळी शस्त्रक्रियेस पुरेसे मानले जाई.

महाराष्ट्रातील परंपरा : शरीराचा आकार पुन्हा घडविण्याच्या शल्यशास्त्राशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. नाशिक हे नाव नवशिख (नऊ शिखरे) या शब्दावरून आले, असे एक मत असले, तरी पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका छेदली, त्यावरून ते पडले, ही समजूतच लोकमानसात अधिक रूढ आहे. नाक कापणे म्हणजे प्रतिष्ठा हिरावून घेणे आणि म्हणूनच नाक पुन्हा घडविणे म्हणजे ती परत मिळवून देणे, हा अर्थ भारतीय नासापुनर्रचनेमागे पूर्वापार राहिला. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक तयार करण्याचा विधी सांगितला आहे. पुढे कपाळाची त्वचा वापरण्याची पद्धती प्रचारात आली. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडून त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळील विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक बसवून दिले. या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या *जेंटलमन्स मॅगझीन* मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोझेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे तशी शस्त्रक्रिया केली. यूरोपातील आधुनिक प्लॅस्टिक शस्त्रक्रियेच्या उगमाशी हा वृत्तांत निगडित आहे.

विसाव्या शतकात हे शास्त्र महाराष्ट्रात नव्या स्वरूपात परत आले. पहिल्या महायुद्धात चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांवर उपचार करून आधुनिक प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा पाया घालणारे हॅरल्ड गिलीझ (१८८२–१९६०) यांच्या हाताखाली नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. कुष्ठरोगाने आलेल्या विरूपतेवरील शस्त्रक्रियांचे त्यांचे कार्य विशेष प्रसिद्ध आहे. या रोगाच्या एका प्रकारात वृषणांची हानी होऊन हॉर्मोनांचे (उत्तेजक स्रावांचे) संतुलन ढळते व पुरुषाचे स्तन वाढतात. रोग बरा झाल्यावरही हे लक्षण मागे राहते आणि उघड्या अंगाने काम करणाऱ्या शेतकऱ्या-मजुराचा पूर्वरोग गावाला ओळखू येतो. त्यामुळे स्तनग्रंथीचे उच्छेदन हा कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनातील शस्त्रक्रियांचा एक मान्य भाग झाला. पारलिंगी पुरुषाच्या छातीवर आज जी शस्त्रक्रिया करतात, तिचे तंत्र बऱ्याच अंशी हेच आहे.

लिंगभावानुरूप शस्त्रक्रियेचा उदय : बर्लिन येथे माग्नुस हिर्शफेल्ट यांनी स्थापन केलेल्या लैंगिकशास्त्र संस्थेत (१९१९–३३) पारलिंगी व्यक्तींचा वैद्यकीय दृष्टीने अभ्यास व उपचार प्रथमच पद्धतशीर रीत्या सुरू झाला. नाझींनी मे १९३३ मध्ये या संस्थेवर हल्ला करून तिच्या ग्रंथालयातील पुस्तकांची होळी केली.

इंग्लंडमधील मायकेल डिलन (१९१५–६२) यांचे चरित्र या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. स्त्री म्हणून नोंद झालेल्या डिलन यांनी १९३९ च्या सुमारास टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाचा उपचार सुरू केला. १९४२ मध्ये त्यांच्यावर स्तनोच्छेदनाची शस्त्रक्रिया झाली आणि १९४४ मध्ये जन्मनोंदीत दुरुस्ती करण्यात आली. त्यानंतर १९४६ ते १९४९ या काळात गिलीझ यांनी त्यांच्यावर तेरा शस्त्रक्रिया केल्या. खरे कारण गुप्त राहावे म्हणून मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचे निदान नोंदविण्यात आले होते. जन्मजात दोषावर उपचार करणे वैद्यकास मान्य होते. रुग्णाच्या स्वतःविषयीच्या जाणिवेवरून उपचार करणे मान्य नव्हते. पुढे डिलन डब्लिन येथे वैद्यकाचे पदवीधर झाले व जहाजावर डॉक्टर म्हणून काम करू लागले. १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांचे पूर्वायुष्य उघड केले, तेव्हा त्यांनी भारताचा आश्रय घेतला. कालिंपाँग, सारनाथ व लडाख येथे त्यांनी बौद्ध धर्माचा अभ्यास केला आणि बुद्धाच्या वैद्याचे जीवक हे नाव धारण केले. १९६२ मध्ये डलहौसी येथे त्यांचे निधन झाले.

हॅरी बेंजामिन यांच्या १९६६ मधील ग्रंथामुळे हा विषय वैद्यकीय चर्चेत आला. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये उपचारांचे मानदंड प्रथम प्रसिद्ध केले. त्यांची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तीत लिंगभाव-विसंगती ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात समाविष्ट केली आहे.

पुरुषानुरूप वक्षपुनर्रचनेच्या पद्धती : केवळ ग्रंथी काढल्याने छाती पुरुषी होत नाही. पुरुषाचे स्तनाग्र लहान असते. त्याभोवतीचे गडद वलय आकाराने छोटे व किंचित अंडाकृती असून ते उरःस्नायूच्या खालच्या कडेजवळ, मध्यरेषेपासून दूर असते. म्हणून ग्रंथी काढणे, जादा त्वचा कमी करणे, स्तनाखालील घडी नाहीशी करणे व स्तनाग्र योग्य जागी आणणे ही चारही कामे साधावी लागतात. बेल्जियममधील गेंट येथील शल्यचिकित्सकांनी २००८ मध्ये पद्धतीच्या निवडीचा एक क्रम मांडला. स्तनाच्या आकारमानाबरोबरच त्वचेचे प्रमाण व तिची स्थितिस्थापकता यांवर निवड अवलंबून असावी, असे त्यांनी दाखविले. अनेक वर्षे छाती घट्ट बांधून ठेवल्याने त्वचेची ही लवचिकता घटते.

(१) अर्धवर्तुळाकार छेद : गडद वलयाच्या खालच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात. जेरोम वेब्स्टर यांनी १९४६ मध्ये पुंस्तनवृद्धीसाठी वर्णिलेली ही पद्धती लहान स्तन व लवचिक त्वचा असल्यास उपयुक्त ठरते. वण वलयाच्या कडेत लपतो व स्तनाग्राची संवेदना बहुधा टिकते. स्तनाग्र खोल जाऊ नये म्हणून त्याखाली थोडे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) राखून ठेवतात.

(२) समकेंद्री छेद : मध्यम आकाराच्या स्तनासाठी वलयाभोवतीच्या त्वचेची कंकणाकृती पट्टी काढून, पिशवीचे तोंड नाडीने आवळावे त्याप्रमाणे टाका घेतात. वण मर्यादित राहतो. मात्र त्याभोवती चुण्या पडणे व तो रुंदावणे संभवते आणि दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव अधिक असतो.

(३) दुहेरी आडवा छेद व स्तनाग्राचे मुक्त कलम : मोठ्या वा ओघळलेल्या स्तनांसाठी ही पद्धती सर्वाधिक वापरली जाते. स्तनाग्र पूर्णपणे सुटे करून, लहान करून नव्या जागी त्वचेच्या कलमाप्रमाणे बसवितात. स्तनाग्राच्या मुक्त कलमाची कल्पना माक्स टोरेक यांनी १९२२ मध्ये स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत वापरली होती. छाती सर्वांत सपाट या पद्धतीने होते. परंतु दोन्ही बाजूंस लांब वण राहतात, स्तनाग्राची संवेदना मोठ्या प्रमाणात नाहीशी होते व कलम अंशतः वा पूर्णतः न रुजण्याचा धोका असतो. काही रुग्ण स्तनाग्र न बसविण्याचा पर्याय स्वीकारतात.

(४) देठासह स्थलांतर : स्तनाग्र खालील ऊतकाच्या देठाशी जोडलेले ठेवून वर सरकवितात. त्यामुळे रक्तपुरवठा व संवेदना अधिक टिकते, पण देठाच्या जाडीमुळे छाती थोडी फुगीर राहते. कडेची वसा नळीने शोषून घेण्याची क्रिया यांपैकी कोणत्याही पद्धतीस पूरक म्हणून करतात.

शस्त्रक्रिया संपूर्ण शुद्धिहरण करून केली जाते. जखमेत रक्त साकळणे हा लगेच उद्‌भवणारा प्रमुख उपद्रव असून तो टाळण्यासाठी निचऱ्याच्या नळ्या व दाब देणारी पट्टी वापरतात. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होत असल्याने ते आधी काही आठवडे बंद करावे लागते. काढलेले ऊतक तपासणीस पाठवितात. थोडे स्तनऊतक मागे राहत असल्यामुळे कर्करोगाचा धोका पुष्कळ कमी होतो, पण पूर्णपणे नाहीसा होत नाही.

स्त्री-अनुरूप वक्षपुनर्रचना : पारलिंगी स्त्रीमध्ये ईस्ट्रोजेन या हॉर्मोनाने स्तनांची काही वाढ होते. तिचा अंदाज यावा म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सामान्यतः किमान एक वर्ष हॉर्मोन-उपचार घेण्याचा सल्ला देतात. या शस्त्रक्रियेचा इतिहास सावधगिरीचा धडा देणारा आहे. व्हिएन्नाचे रोबेर्ट गेर्झुनी यांनी १८९९ च्या सुमारास पॅराफिन टोचण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून गाठी, व्रण व ऊतकनाश असे गंभीर परिणाम झाले. द्रवरूप सिलिकोन टोचण्याचे परिणामही तितकेच घातक ठरले. स्वस्तपणामुळे अनधिकृत व्यक्तींकडून असे टोचून घेण्याचा धोका अद्यापही आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी पिशवीत बंद केलेल्या सिलिकोनाचे पहिले रोपण केले. सुरक्षिततेविषयीच्या शंकांमुळे १९९२ मध्ये अमेरिकेत या रोपणांवर निर्बंध आले व ते २००६ मध्ये उठविण्यात आले. काही खरबरीत पृष्ठाच्या रोपणांचा एका विरळ लसीका कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये ती बाजारातून परत घेण्यात आली. रोपण ग्रंथीखाली किंवा स्नायूखाली ठेवतात. त्याभोवती घट्ट आवरण तयार होऊन ते आकसणे हा दीर्घकालीन उपद्रव होय. रोपण जन्मभर टिकत नाही, हे रुग्णास आधीच सांगणे आवश्यक असते. स्वतःच्या शरीरातील वसेचे रोपण हा दुसरा पर्याय असून त्याने मर्यादित वाढ साधते.

भारतातील विधी व व्यवहार : भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमात पुंस्त्वहरण हा गंभीर दुखापतीचा पहिलाच प्रकार सांगितला होता. त्यामुळे लिंगभावानुरूप शस्त्रक्रिया करण्यास शल्यचिकित्सक कचरत आणि रुग्णाकडून शपथपत्रे व प्रमाणपत्रे मागत असत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर ऐतिहासिक निर्णय दिला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व ए. के. सीक्री यांच्या पीठाने लिंगभाव स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला व त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरविले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या प्रकरणात हस्तक्षेपक होत्या. या निर्णयाने शस्त्रक्रिया ही ओळखीची अट राहिली नाही. इच्छेनुसार घ्यावयाचा उपचार हे स्थान तिला मिळाले. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (अधिकारांचे संरक्षण) अधिनियमाने शस्त्रक्रिया, हॉर्मोन-उपचार व समुपदेशन यांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींना दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण देण्याचा करार झाला.

तथापि, जुनी दृष्टी एकदम पालटली नाही. बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायास २०१७ मध्ये लिंगपरिवर्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, अखेर परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या शासकीय सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू झाली. हे प्रकरण वक्षपुनर्रचनेचे नव्हते. परंतु जननेंद्रियांच्या जन्मजात स्थितीचे वैद्यकीय निदान हाताशी असूनही नोकरीतील माणसाला किती दारे ठोठवावी लागतात, हे त्यातून दिसून आले.

वैद्यकीय शिक्षण हा या बदलाचा पुढील टप्पा होय. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य असून प्लॅस्टिक शस्त्रक्रियेची उच्च पदवीही त्याच्याकडून दिली जाते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्व वैद्यकीय विद्यापीठांना व महाविद्यालयांना पाठ्यपुस्तकांतील व अध्यापनातील पारलिंगी व्यक्तींविषयीचा अवमानकारक मजकूर टाळण्याची सूचना केली. शस्त्रक्रियेचे कौशल्य राज्यात पूर्वीपासून आहे. पुंस्तनवृद्धी झालेल्या पुरुषास शल्यचिकित्सक छेद कोणता घ्यावा, वण कोठे येईल व संवेदना किती राहील, हे समजावून देतो. तो पुरुष आहे काय, हे विचारीत नाही. पारलिंगी पुरुषाशीही याच क्रमाने बोलणे सुरू होईल, तेव्हा या शास्त्राचा नवा अध्याय खऱ्या अर्थाने सुरू झाला, असे म्हणता येईल.