आगगाड्यांची भित्तिपत्रके आणि नागपूरची राजस्थळे

ताम्रपट, सनद, बखर आणि पत्रव्यवहार या साधनांच्या मालिकेत भित्तिपत्रकाला सहसा स्थान मिळत नाही. ते एका हंगामासाठी छापले जाते, आणि पुढील हंगामात त्याच जागी दुसरे चिकटविले जाते. तथापि कोणत्या काळी, कोणाच्या दृष्टीने, कोणती वास्तू ‘पाहण्याजोगी’ ठरली हे जाणावयाचे असल्यास या अल्पायुषी कागदाइतका स्पष्ट साक्षीदार क्वचितच आढळतो. भित्तिपत्रक स्थळाचे वर्णन करते, त्याहून अधिक ते स्थळाची निवड करते; आणि ज्याची निवड झाली नाही त्याविषयी त्याचे मौनही तितकेच बोलके असते.

‘जाहिरात’ या शब्दाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. अरबी ‘जाहिर’ म्हणजे उघड, दृश्य. राजसत्तेचा हुकूम प्रजेला कळविणारा तो जाहीरनामा. माल खपविण्यासाठी केलेले आवाहन, या अर्थी ‘जाहिरात’ हा शब्द पुढे रूढ झाला. पूर्वी राजा भिंतीवरील कागदातून प्रजेशी बोलत असे. रेल्वेच्या भित्तिपत्रकात राजाचा वाडाच विक्रीस मांडलेला दृश्यपदार्थ झाला. आज्ञार्थ मात्र कायम राहिला. ‘पाळा’ याच्या जागी ‘पाहा’ आले, एवढेच.

या प्रथेचे मूळ इंग्लंडात आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने सुमारे पाचशे माणसांना माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला नेले, आणि एका दिवसात जाऊन येण्याच्या स्वस्त सहलीला गती मिळाली. हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा व्हिक्टोरिया राणीने १८३८ मध्ये लोकांना विनामूल्य खुला केला होता. १८४९ मध्ये तेथवर रेल्वे पोहोचली. १९०८ पासून लंडनच्या भुयारी रेल्वेची प्रसिद्धी फ्रँक पिक याच्याकडे आली. त्याच्या देखरेखीखाली नामवंत चित्रकारांची भित्तिपत्रके निघू लागली, आणि हॅम्प्टन कोर्टसारखी राजस्थळे सुटीच्या दिवसाची सामान्य ठिकाणे झाली. या पत्रकांसाठी वापरला जाणारा पंचवीस इंच रुंद व चाळीस इंच उंच कागद मुद्रकांच्या परिभाषेत ‘डबल रॉयल’ म्हणून ओळखला जातो. त्या वाड्यात राजकुटुंबाचा निवास उरलेला नव्हता, पण राजघराणे नांदत होते आणि वास्तू शाबूत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

हिंदुस्थानात १९२७ मध्ये रेल्वेच्या मध्यवर्ती प्रसिद्धी कार्यालयाची स्थापना झाली, आणि परदेशी प्रवाशाला हिंदुस्थान पाहण्याचे आवाहन करणारी रंगीत भित्तिपत्रके विपुल निघू लागली. आग्रा, दिल्ली व उदयपूर ही त्यांतील परिचित नावे होत. यांपैकी उदयपुरास महाराणा गादीवर होते. आग्र्यास मोगलांची सत्ता कधीच लोपली होती, पण ताजमहाल उभा होता आणि १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने अशा वास्तूंच्या जतनाची कायदेशीर व्यवस्था झाली होती. यावरून असे दिसते की, चित्रात येण्यासाठी राज्य जिवंत असणे अनिवार्य नव्हते. वास्तू उभी असणे मात्र अनिवार्य होते.

या कसोटीवर नागपूरचा विचार करावा. गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास वसविलेले हे शहर पुढे भोसल्यांची राजधानी झाले. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. राजघराण्याची जनावरे सीताबर्डीस लिलावात विकली गेली, जडजवाहीर कलकत्त्यास गेले. हिंदुस्थानातील रेल्वेच्या आखणीविषयीचे प्रसिद्ध टिपणही याच डलहौसीचे, २० एप्रिल १८५३ चे. आणि नागपूर खालसा करण्याच्या समर्थनात त्याने या प्रदेशातील कापसाचा उल्लेख केला होता. कृष्णपाषाणाचा व विपुल काष्ठशिल्पाचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास आली ती १८६७ मध्ये, म्हणजे वाडा जळाल्यानंतर तीन वर्षांनी. स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा तर त्या आगीनंतर चाळीस वर्षांनी झाला. आगगाडी येथे प्रवाशाला वाडा दाखविण्यासाठी आली नाही. कापूस नेण्यासाठी आली.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने या शहराचे नाव आपल्या नावातच घेतले. त्यामुळे या कंपनीने पुरीच्या समुद्रकिनाऱ्याकडे प्रवाशाला बोलावले तरी कागदावर नागपूरचे नाव छापले जाई. पण ते कंपनीचे नाव म्हणून, एका राजधानीचे म्हणून नव्हे. एखादे स्थलनाम आपल्या स्थलापासून सुटून केवळ व्यापारी संज्ञा कसे होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

रामटेकची गोष्ट निराळी आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलाचा निर्देश करतो. नजीकचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असे विद्वान मानतात. अलीकडील उत्खननात तेथे प्रभावतीगुप्तेची मुद्राही मिळाली आहे. नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे राजस्थळ, आणि तेथवर रेल्वेचा फाटाही आहे. परंतु लोक तेथे जात ते यात्रेसाठी, रामाच्या दर्शनासाठी. ‘यात्रा’ आणि ‘सहल’ या दोन शब्दांमधील अंतर येथे कळीचे ठरते. यात्रेकरूला बोलावणे पंचांगातून येते. त्याला चित्राची गरज नसते. सहलीला जाणाऱ्याला आधी चित्र दाखवावे लागते, मग त्या चित्राबरहुकूम स्थळ पाहावयास तो निघतो.

दुसऱ्या महायुद्धात हे सारे पालटले. डबे व इंजिने सैन्याच्या वाहतुकीस लागल्याने, निकड असेल तरच प्रवास करा, असे तीच रेल्वे जनतेला बजावू लागली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. कंपन्यांची नावे गेली, पण त्यांच्या पत्रकांनी आखलेला ‘प्रेक्षणीय’ हिंदुस्थानचा नकाशा पर्यटनाच्या भाषेत पुष्कळ अंशी टिकून राहिला.

तात्पर्य, भित्तिपत्रकांच्या आधारे राजस्थळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने दोन नकाशे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत: एक सत्तेचा, दुसरा प्रसिद्धीचा. पहिल्यावर नागपूर, देवगड व नंदिवर्धन ठळक आहेत. दुसऱ्यावर ती सहजी सापडत नाहीत. त्या स्थळांचे महत्त्व कमी होते असा याचा अर्थ नव्हे. एका राजधानीची मालमत्ता लिलावात गेली, दुसऱ्या राजधानीच्या परिसराचे तीर्थ झाले, आणि चित्रकाराच्या कुंचल्याला दोहोंमध्ये विकाऊ दृश्य गवसले नाही, हा त्याचा अर्थ आहे.