भोंगा, पाळी आणि सहाचा खेळ

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका चाळून पाहिल्या, तर त्यांत देणगीदारांची नामावली, यशस्वी विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि दिवंगत कार्यकर्त्यांची चरित्रे आढळतात. हे सर्व उचितच होय. परंतु आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे मुंबईतील जीवन ज्या एका गोष्टीने घडविले, तिची नोंद मात्र क्वचितच झालेली दिसते. ती गोष्ट म्हणजे गिरणीची पाळी. घरात चूल केव्हा पेटावी, मुलांनी केव्हा गप्प बसावे, लग्नाची बोलणी कोणत्या वारी व्हावीत आणि सिनेमाच्या कोणत्या खेळास जावे, हे ठरविण्याचा अधिकार गिरणगावात घरधन्यापेक्षा भोंग्याकडे अधिक होता. त्या पाळीचा आणि तिच्यातून उरलेल्या मोकळ्या वेळेचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. त्या काळी पाळी हा शब्दच नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, एवढाच नियम. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचताना मन थक्क होते. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. सूर्यास्तापर्यंतचे काम ही ज्यांची मागणी होती, त्यांची प्रत्यक्ष स्थिती काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज ही सुटी आपणांस पंचांगातील तिथीइतकी स्वाभाविक वाटते. परंतु ती आपोआप आलेली नाही, मिळवावी लागली आहे.

यानंतर सहाच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. तिकीट एक रुपया होते. अर्थात तो खेळ गिरणी कामगारासाठी नव्हता. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस लांबविण्याची सोय झाली. सूर्य मावळला तरी साचे थांबेनात. चौदा-पंधरा तास काम होऊ लागले. याविरुद्ध ओरड होऊन १९११ चा कायदा झाला व कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा पडली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो या कायद्याच्या पाठोपाठ. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र प्रेक्षकाच्या हाती एक संध्याकाळ असल्याखेरीज चित्रपटाला प्रेक्षक मिळत नाही, हे कोणीही मान्य करील.

पुढे तास कमी कमी होत गेले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ च्या कायद्याने चोपन्न आणि १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस. परंतु येथेच एक विपरीत घडले. माणसाचे तास घटले, तरी यंत्राचे घटले नाहीत. पहिला कामगार घरी जाताच दुसरा त्याच साच्यावर उभा राहू लागला. १९३० नंतरच्या दशकात रात्रपाळीचा प्रघात वाढला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीने गिरण्या अहोरात्र धडधडू लागल्या. कायद्याने कामगाराला वेळ दिला. पाळीने तो वेळ घराघरांत वाटून टाकला. बापाची मोकळी वेळ एक, थोरल्या मुलाची दुसरी आणि धाकट्या दिराची तिसरी, अशी अवस्था झाली. वेळ मिळाला, एकत्र वेळ मात्र मिळाला नाही. गिरणगावच्या कौटुंबिक जीवनाचे मर्म या एका वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली पाळी सर्वसाधारणपणे सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्री बारा आणि तिसरी बारा ते सकाळी सात. बिऱ्हाड एका खोलीचे. त्यात गावाकडचे चार नातलगही राहत. एकाची वळकटी गुंडाळली जाई आणि त्याच जागी दुसऱ्याची पसरली जाई. रात्रपाळीचा माणूस भर दुपारी झोपलेला असे, म्हणून मुले गॅलरीत बसून अभ्यास करीत. बाप आणि लेक एका छपराखाली राहूनही आठवडाभर धड बोलत नसत. कारण एक दाराशी येई तेव्हा दुसरा निघालेला असे.

अशा घरात सिनेमा पाहावयास जाणे म्हणजे एक लहानसे कार्यच असे. पहिल्या पाळीच्या माणसाला सहाचा खेळ सोयीचा. दुसऱ्या पाळीच्या माणसाला सहाचा आणि नवाचा दोन्ही बंद. तो गेलाच तर बाराच्या खेळाला. तिसऱ्या पाळीचा माणूस सहाचा खेळ पाहून, घरी येऊन दोन घास खाई आणि भोंग्याबरोबर निघे. सर्वांनी मिळून जावयाचे, तर सुटीचा दिवसच गाठावा लागे. म्हणून लालबागच्या ‘भारतमाता’, ‘जयहिंद’ व ‘गणेश’ या चित्रपटगृहांतील अंधारात कुटुंब एका रांगेत बसले, हेच अनेकांना पडद्यावरील कथेहून अधिक स्मरते. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम केला. १९५३ साली आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ आला व राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. त्या चित्रपटातील आई कोकणातील होती. आणि ज्यांची आई कोकणात राहिली होती, असे कितीतरी चाकरमानी तो पाहावयास बसले होते. ते का रडले, हे निराळे सांगावयास नको.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या कायद्यांचा आपण गौरव केला, त्यांनी पुरुषाचे तास मोजले. स्त्रीच्या घरातील कामाचे तास कोणी मोजले नाहीत. गिरणीच्या वायंडिंग व रीळ खात्यांत हजारो स्त्रिया काम करीत. रात्रीच्या कामास त्यांना मनाई झाली आणि पाळ्या वाढल्या, तसे त्यांचे प्रमाण घटत गेले. घरी राहिलेल्या स्त्रीला तर तिन्ही पाळ्या भराव्या लागत. एकाचा डबा पहाटे, दुसऱ्याचे जेवण मध्यरात्री, आणि मधल्या वेळात नळावरची रांग. खाणावळ चालविणाऱ्या भगिनींना हे चौपट होई. त्यांच्या कष्टाची दखल घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिले. सिनेमाहून परतल्यावर सर्वजण गाण्यांविषयी बोलत बसत आणि ती चुलीपुढे बसे. तिची पाळी सुटल्याचा भोंगा कधीच वाजला नाही.

दुसरी गोष्ट ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिणे अवघड, पण येथेच लिहिणे अगत्याचे आहे. तिकिटाच्या खिडकीवर जात विचारली जात नसे. साचेखात्याच्या दारावर मात्र ती विचारली जाई. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, तेव्हा विटाळ होतो या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना अधिक पगाराच्या त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकाच भोंग्याने जागे होणारे आणि एकाच पडद्यापुढे हसणारे लोक गिरणीच्या पाण्यापाशी वेगळे होत. आपण आपला इतिहास लिहितो तेव्हा आपल्याला काय सोसावे लागले, याबरोबर आपण कोणाला दूर ठेवले, हेही लिहिले पाहिजे. तसे न केल्यास तो इतिहास न राहता केवळ आत्मस्तुती ठरेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. एकामागून एक गिरण्याच विझल्या. ज्या घरांनी इतकी वर्षे एकत्र वेळेची वाट पाहिली, त्या घरांत आता सर्वजण एकाच वेळी होते, आणि चुलीवर ठेवावयास काही नव्हते. फिनिक्स मिलच्या आवारात पुढे मोठे व्यापारी संकुल उभे राहिले आणि त्यात चित्रपटगृहेही झाली. जेथे आजोबा पाळी भरीत, तेथे नातू खेळ पाहतो. परंतु पायाखाली काय होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पाळी मात्र संपलेली नाही. आपल्या समाजातील कित्येक तरुण-तरुणी आज रुग्णालयांत, विमानतळावर, दूरध्वनी सेवांच्या कार्यालयांत रात्रपाळी करीत आहेत. बाप झोपतो तेव्हा मुलगी निघते. घरे मोठी झाली, दार उघडावयास स्वतंत्र किल्ल्या आल्या. पण जेवणाचे एक पान झाकून ठेवण्याची रीत तीच आहे. कामाचे तास म्हणजे केवळ मालक आणि नोकर यांच्यातील व्यवहार नव्हे, तो घराच्या एकत्रपणाचा प्रश्न आहे, हे आजोबांच्या पिढीने जाणले होते. नव्या पिढीनेही ते जाणावे.

म्हणून सभासद कुटुंबांना एक नम्र विनंती आहे. आपल्या घरच्या पेटीत बदलीचे कार्ड, हजेरीचा पास, पगाराची पावती वा फंडाचे पुस्तक असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. वडीलधाऱ्या मंडळींस, आणि विशेषतः आजी, मावशी व आत्या यांस विचारून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात: कोणती गिरणी, कोणते खाते, कोणती पाळी, आणि घरातील सर्वजण मिळून पाहिलेला सिनेमा कोणता. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांपैकी त्या कुटुंबाचे स्वतःचे तीन तास कोणते होते, हे तेथे दिसेल.